साक्षीला घरचीच माणसं

"साक्षीला परकं माणूस कशाला? घरचे आहोत की आम्ही!" म्हणत इनासने रेजिनाबायच्या हातातलं पेन काढून घेतलं. मार्थामावशीच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने सह्या ठोकल्या. मावशीचं दुखणंखुपणं काढणाऱ्या त्या शेजारणीला त्याने चहा करायला आत पिटाळलं. "सही केली तर उद्या हक्क सांगेल," तो बायकोच्या कानात पुटपुटला.

मावशी गेल्यावर वसईच्या वकिलांनी सगळ्यांना बोलावलं. "घर आणि वाडी मावशींनी इनासला लिहून दिलीय," ते म्हणाले. इनास खुर्चीत ऐसपैस टेकला. "पण ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातलं काही मिळत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. कायदाच आहे तसा."

"मग घर कुणाला?" इनासने विचारलं.

"मृत्युपत्राच्या शेवटी मावशींनी लिहिलंय, बाकी जे काही उरेल, ते रेजिनाबायला. म्हणजे आता घरही त्यांचंच."

इनासचा आवाज चढला. "आणि आमच्याऐवजी हिची सही असती तर?"

"तर घर तुमचं. यांना काहीच मिळालं नसतं."

रेजिनाबायने डोळ्यांना पदर लावला. "आणि मी मेली, रागाने तुझ्या चहात साखरच घातली नव्हती रे, इनास!"