वरच्या आळीचा चढ

फाट्यावर नकाशेवाल्या बाईंनी ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीला टेकवला. उजवीकडे कालव्याच्या कडेनं सपाट, सावलीचा रस्ता जात होता. डावीकडे चढ. चढ कसला, भिंतच उभी केलेली.

"काका, तुम्ही आखलेली रेघ डावीकडे वळतेय," बाई नकाशा उलगडत म्हणाल्या. "उजवीकडून गेलं तरी पुढच्या गावातच निघतो ना आपण?"

"निघतो की," लाइनमन म्हणाला. "पण तिकडं बघायला काय आहे? पाणी आणि बगळे. वर जुनी वस्ती आहे. दगडी कमान आहे."

"किती जुनी?"

"आता ते कुणी मोजायला गेलं नाही, मॅडम."

तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडत हा माणूस सायकलवरून साऱ्या मुलखात फिरला होता. कुठला रस्ता पावसाळ्यात खचतो, कुठल्या वळणावर कुत्रं अंगावर येतं, सगळं त्याला तोंडपाठ. म्हणून तर सायकलवाल्यांसाठी गाड्यांची वर्दळ नसलेले रस्ते शोधायचे ठरल्यावर बाईंच्या कचेरीनं त्यालाच गाठलं. सकाळपासून त्यानं बाईंना दगडी पूल दाखवला, पहाऱ्याचा बुरूज दाखवला, नदीकाठची जुनी पेठ दाखवली. कुठं शब्दानं खोटं बोलला नव्हता. इथंच काय ती जीभ घसरली.

पहिल्या वळणावर बाई सायकलवरून उतरल्या. दुसऱ्या वळणावर बोलायच्या थांबल्या. तिसऱ्या वळणावर म्हणाल्या, "काका, लोक मला शिव्या घालतील."

"घालू द्या. वर पोचेपर्यंत विसरतात."

वरच्या आळीत बहुतेक घरांना कुलपं होती. डोंगराखालून मोठा रस्ता झाल्यापासून इकडं दूधवालासुद्धा फिरकत नव्हता. शेवटच्या घरात लाइनमनची थोरली बहीण राहायची. दोन वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. तिची खाट त्यानं खिडकीला लावून दिली होती. सकाळ-संध्याकाळ तो येऊन तिचं सगळं करायचा. खाली आपल्या घरी चल म्हणून विनवून थकला, पण ती हलायला तयार नव्हती. मधला सगळा दिवस ती रस्त्याकडे बघत बसायची. एकदा तिनं नुसतं एवढंच म्हटलं, "आज कावळासुद्धा चालत गेला नाही रे." दुसऱ्या दिवशी लाइनमननं नकाशावरची रेघ डावीकडे वळवली.

खिडकीच्या कट्ट्यावर पाण्यानं भरलेले आठ पेले ओळीनं मांडले होते.

"आलात का!" ताई आतून ओरडली. "दोघंच? मला वाटलं, बाकीचे मागून येतायत. धाकल्या म्हणाला होता, ताई, आता सायकलवाले येणार, रोज येणार. घे पोरी, पाणी घे. केवढी घामाघूम झालीस!"

लाइनमननं डोळे मोठे केले. ताईनं ते बघितलेच नाहीत.

बाईंनी एक पेला संपवला, दुसरा उचलला. "आजी, इथली ती जुनी कमान कुठं आहे?"

"कसली कमान?"

लाइनमनला खोकला आला.

"खोकतोस काय, पाणी पी. कमान बिमान नाही गं इथं. ती समोर दिसते ती होय? तो शेळ्यांचा गोठा. आमच्या वडिलांनी बांधलाय, मी शाळेत जात होते तेव्हा. दार वाकडं झालं म्हणून आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती."

बाईंनी गोठ्याकडे बघितलं, मग लाइनमनकडे. तो वाकून सायकलची साखळी तपासत होता. साखळीला काही झालेलं नव्हतं.

बाईंनी पिशवीतून खोडरबर काढलं. सकाळपासून त्याचे दोन रस्ते त्यांनी त्याच रबरानं पुसले होते. एकावर खडी होती, दुसऱ्यावर वाळूचे ट्रक.

"मॅडम," लाइनमन हळू आवाजात म्हणाला, "रस्ता कालव्याचाच चांगला आहे. चूक माझी आहे. पुसा तुम्ही."

"काय कुजबुजतोस रे? मला ऐकू येतं म्हटलं," ताई म्हणाली. "आणि त्या बुरुजापाशी एवढा वेळ काय करत होतात? पुलावरनं झटक्यात निघालात, पेठेत दिसेनासे झालात, मला वाटलं खायला बसलात. बुरुजापाशी मात्र हलायलाच तयार नाही. मी म्हटलं, पोरगी पडली की काय."

बाई वळल्या. खाली सगळं खोरं पसरलं होतं. पूल, पेठ, बुरूज, आणि त्यांना जोडणारी रस्त्याची बारीक रेघ.

"आजी, एवढ्या लांबून आम्ही दिसलो?"

"दोन ठिपके. पुढचा वाकडा चालतो, तो हा. लहानपणापासून डावीकडे कलतो मेला."

बाई हसल्या. तिसरा पेला घेऊन त्या खिडकीखालच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ खालचा रस्ता बघत राहिल्या. मग त्यांनी खोडरबर पिशवीत टाकलं आणि नकाशा मांडीवर घेतला. लाइनमन साखळी सोडून सरळ उभा राहिला.

"आजी, या जागेपाशी नकाशावर काय लिहू? लोकांना कळायला हवं, वर कशाला यायचं."

ताईनं विचार केला. "पाणी मिळेल म्हणून लिही." मग तिला काहीतरी आठवलं, आणि तिनं गजांतून हात बाहेर काढून बाईंच्या खांद्याला लावला. "आणि हे बघ, घंटी वाजवायला सांग त्यांना. दुपारची कधी कधी डोळा लागतो माझा. कुणी तसंच निघून गेलं तर?"

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं, आणि चढ संपतो तिथं, बारीक पण स्वच्छ अक्षरांत लिहिलं: येथे घंटी वाजवावी.