गिऱ्हाईक

साडेचारला दैवशालानं आपण लिहिलेलं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. कंपनीला उत्तर पाचच्या आत हवं होतं.

‘माझा कंपायलर परिपक्व झाला आहे. तुमच्या यंत्रात वापरण्यास हरकत नाही.’ एवढ्या दोन वाक्यांसाठी सहा वर्षं गेली होती.

कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा. दैवशाला ज्या भाषेत काम करायची तिला असा एक दुभाषा आधीपासून होता, जगभर मानलेला. पण त्यानं उतरवलेला प्रोग्राम स्वस्तातल्या छोट्या चिपवर मावत नसे. दैवशालाच्या कंपायलरनं उतरवलेला मावायचा. कंपनीचं यंत्र सलाईनचे थेंब मोजून सोडणार होतं आणि परवापासून ते तालुक्याच्या दवाखान्यांत लागणार होतं. चाचण्या झाल्या होत्या. राहिला होता बनवणारीचा शब्द. चूक राहिली तर ती कुणाच्या तरी शिरेत जाणार, म्हणून पत्र पाठवायच्या बटणावर तिचं बोट अडलं होतं.

“काय गं, दगडावानी बसलीस?” तिच्या बापानं, बिरूनं विचारलं. तो ओसरीत लोकर पिंजत बसला होता.

“दादा, मला तक्रारी धाडणारा एक माणूस हाय म्हनले होते ना मी, त्यो तीन महिन्यांपासून गप हाय.”

हा माणूस स्वतःला ‘गिऱ्हाईक’ म्हणवायचा. नाव नाही, गाव नाही. रोज पहाटे उठून तिच्या कंपायलरची खोट काढायची, हाच त्याचा धंदा. दोनशे अकरा तक्रारी! तुम्ही म्हणायचीही तसदी नाही, थेट ‘तुझं इथं चुकलं’. सुरुवातीला ती रडली होती. मग चिडून एकेक चूक दुरुस्त करत गेली.

“त्याला काही सापडंना झालंय. म्हंजे चुकाच उरल्या न्हाईत,” ती म्हणाली.

बिरूचा हात थांबला. “सावलीला बसलेली मेंढरं एकदम गप झाली, तर आमी हातची भाकर टाकून उठताव. का गप झाली ते बघाया.”

“कंपायलर म्हंजे मेंढरं न्हाईत, दादा.”

“न्हाईत. ते खरं हाय,” बिरू म्हणाला आणि पुन्हा लोकर पिंजू लागला.

पावणेपाचला तिनं पत्र पाठवलं. छातीवरचं ओझं उतरलं. बन्सीधर सर असते तर आत्ता फोन करून ऐकवलं असतं, असं तिला वाटून गेलं. परभणीच्या पॉलिटेक्निकला सरांनीच तिला शिकवलं होतं आणि ही कल्पना ऐकून सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, “जगाला एक कंपायलर आहे की. तुझा दुसरा कोण घेणार? गिऱ्हाईक तरी आहे का?” त्यानंतर ती सरांशी बोललीच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी सर गेल्याचं कळलं, तेव्हाही ती सोनपेठला त्यांच्या घरी गेली नाही. आता ते तिला खात होतं.

पाचच्या एसटीनं कोणी यावं, तर सरांचीच बायको! मनकर्णाबाई पिशवी सांभाळत अंगणात आल्या. दैवशाला वरमली, पाया पडली.

“न्हाई आले मी तेव्हा, काकू. चुकलं माझं.”

“असू दे माय. ह्यो सरांचा लॅपटॉप. नातीला द्यायचाय, तेवढं त्यातलं समदं पुसून दे.” त्या टेकल्या. “पर आधी बघ. चालू केला की एक पत्र अडकलंय म्हनतोय. ते गेले त्या पहाटं लाईट नव्हती, तरी बसले होते टकटक करीत. त्यांच्यामागं नेट मी बंदच करून टाकलं. काय कामाचं आसंल तर जाऊ दे ज्याचं त्याला.”

दैवशालानं लॅपटॉप उघडला. खरंच, एक पत्र अडकून होतं. दुसऱ्याचं पत्र कशाला वाचायचं, म्हणून तिनं ते उघडलं नाही. नुसतं आपल्या फोनचं नेट जोडलं. पडद्यावर चक्र फिरलं आणि थांबलं.

“गेलं बघा काकू.”

तेवढ्यात मागं तिचाच कंप्युटर वाजला. ती उठून गेली.

‘तक्रार क्रमांक दोनशे बारा. मोठ्या आकड्यांची बेरीज तुझा कंपायलर चुकवतो. आजवरची सगळ्यांत मोठी चूक. ही निघेपर्यंत कुणालाही शब्द देऊ नकोस. — गिऱ्हाईक.’