उजवा पाय

जागा संपली, अशी लाल पाटी पडद्यावर आली, तेव्हा सर्व्हरवाल्याने मालकिणीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती जागा तिनेच खाल्ली होती.

“तरी सांगत होतो मावशी, मोठी डिस्क घ्या. तुम्ही घासाघीस करत बसलात. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

मापाचे जोडे शिवून द्यायचं मालकिणीचं दुकान दोन खोल्यांचं. तीन शिवणयंत्रं, पायाचा स्कॅन काढणारं एक यंत्र आणि कातडं कापायला बसलेला तिचा दीर. सगळी मापं एका म्हाताऱ्या संगणकात कोंबलेली होती आणि तो हल्ली दिवसातून दोनदा मान टाकायचा. म्हणून तिने दोन साधे नवे संगणक घेतले, आणि मापं अशा एका जागी ठेवायची ठरवलं की दोन्हींवरून उघडता येतील. फक्त ते स्वस्तात व्हायला हवं होतं.

“एकोणीस वर्षांचे पाय आहेत त्यात,” ती म्हणाली. “प्लास्टरचे साचे होते, तेही स्कॅन करून मोडून टाकले. आता आहे ते एवढंच. काही गाळायचं झालं, तर आधी मला हाक मार. काम नीट झालं की वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तुझं नाव सांगते. आमची निम्मी गिऱ्हाइकं तेच पाठवतात.”

“तुम्ही चामडं बघा मावशी. हे आमचं काम.”

ती आतल्या खोलीत गेली आणि सर्व्हरवाल्याने सुस्कारा सोडला. डॉक्टरांचे तीन दवाखाने होते. त्या आशेवरच तर तो इथे धूळ खात बसला होता. नाहीतर हे काय काम? बजेट म्हणे! नवी डिस्क एकच, तीही बाजारातली सगळ्यांत लहान. तिच्या जोडीला जुन्या संगणकातली डिस्क पुसून लावायची. एकीत लिहिलं की तेच दुसरीत उमटणार, एक मेली तरी दुसरी जिवंत. म्हणजे डिस्का दोन, पण जागा लहानीइतकीच. हे त्याने दोनदा समजावलं होतं. दोन्ही वेळा मालकीण “बरं” म्हणाली होती, आणि दिराने तर मानही वर केली नव्हती.

दुकानाचीही तीच तऱ्हा. दाराच्या पायऱ्या फोडून उतार केलेला, आणि एवढ्याशा चढाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा. खुर्च्या उंच, हाताच्या, एखाद्या कचेरीत शोभतील अशा. मांडणीवर जोडे होते, पण एकाशेजारचा दुसरा त्याच्यासारखा असेल तर शपथ. एक जाड तळाचा, एक पातळ. ज्यांना साध्या जोड्या लावता येत नाहीत, ते फायली काय लावणार, असं तो मनाशी म्हणाला.

मग त्याने फायली उघडल्या आणि त्याला हसूच फुटलं. प्रत्येक माणसाच्या दोन. एक डावा, एक उजवा. चारशे बारा माणसं आणि आठशे चोवीस पाय! अरे, देवाने माणसाला दोन पाय दिले ते एकमेकांच्या आरशातले. एक ठेवायचा, उलटवायचा, की दुसरा हजर. शाळेतल्या पोरालाही सुचेल ते या लोकांना एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं. असल्या अडाण्यांना हाक मारून विचारायचं काय? उंटावरच्या शहाण्याला खाली उतरायची गरज कधी वाटत नाही, यालाही वाटली नाही. त्याने फक्त डावे पाय नव्या डिस्कवर घेतले. माल निम्म्यावर आला आणि ऐसपैस मावला. मग त्याने जुनी डिस्क पुसली, खात्रीसाठी पुन्हा एकदा पुसली, आणि जोडीला लावली. दोन हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

तेवढ्यात कठडा धरत, दमत दमत एक शिक्षिका उतारावरून वर आल्या. जोड्याचे टाके उसवले होते, नवा जोड हवा होता.

“या बाई, बसा. तुमचं माप आहे आपल्याकडे,” मालकीण म्हणाली आणि नव्या संगणकाशी बसली. “हा डावा आला. उजवा कुठाय रे?”

सर्व्हरवाला याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने खिशात हात घातले.

“काढला. सगळ्यांचेच काढले. डावा उलटा केला की उजवा होतो मावशी! एवढी वर्षं उगाच दुप्पट ओझं सांभाळलंत. आता डॉक्टरांना सांगा, निम्म्या जागेत कसं बसवलं ते.”

दिराच्या हातातली रापी चामड्यावरच थांबली. त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

“जुन्या डिस्कवर असतील ना ते?” मालकिणीने विचारलं.

“पुसली. दोनदा. अर्धवट काम करायची सवय नाही मला.”

शिक्षिकाबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरून बसकण मारली, जोडे काढले आणि दोन्ही पाय पुढे केले. सर्व्हरवाल्याने अजून खाली पाहिलंच नव्हतं.

“अरे दादा,” मालकीण म्हणाली, “ज्याचे दोन्ही पाय सारखे असतात, तो आमच्याकडे कशाला येईल?”