सात नंबर

"सात नंबर बाद करा," निकेत म्हणाला.

दिपालीने हेडफोन मानेवर उतरवले. "कारण?"

"हे न्यू-मेटल नाही."

चौलच्या वाचनालयाच्या माडीवर दुपारपासून परीक्षण चाललं होतं. किनाऱ्यावरच्या नव्या बँडची स्पर्धा. अट एकच, संगीत न्यू-मेटल हवं, म्हणजे रॅप मिसळलेलं मेटल रॉक. बारा गाणी आली होती. गाण्यांवर फक्त नंबर, नावं बंद पाकिटात. मुंबईच्या फेरीला एकच बँड जाणार होता. आता तीन आणि सात एवढेच उरले होते.

नंबरांची कल्पना आयोजक शिवदासभाऊंची. निकेतचा मुलगा शुभम स्पर्धेत उतरलाय हे गावाला आणि दिपालीलाही ठाऊक होतं, म्हणून निकेतने आधी नकारच दिला होता. भाऊंनी ऐकलं नाही. "असली गाणी मुंबईत वाजवून आलेला दुसरा कोण हाय इथं? नंबर लावतो. तुम्हाला कळणारच न्हाय."

पण निकेतला कळलं होतं. तीन नंबरच्या गाण्यात, गिटार सुरू व्हायच्या आधी, पाण्याच्या पंपाची घरघर होती. मध्येच अडखळायची, पुन्हा उचलायची. तो त्याच्याच सुपारीच्या वाडीतला पंप होता. वर्षभर पंपाच्या खोलीतून पोरांचं वाजवणं त्याला ऐकू यायचं.

तेव्हाच त्याने भाऊंना हाक मारायला हवी होती. त्याने मारली नाही. तीनला दहापैकी नऊ दिले आणि दिपालीला दिसू नयेत म्हणून कागदावर हात आडवा धरला.

गणपतीत एकदा त्या खोलीचं दार उघडून त्याने पोरांसमोर शुभमच्या चुका काढल्या होत्या. तेव्हापासून शुभम घरात 'हो' आणि 'जेवलो' यापलीकडे बोलत नव्हता. मुंबईला गेला तर कदाचित बोलेल, असं निकेतला वाटत होतं.

"काय कमी आहे यात?" दिपालीने विचारलं. दुसरी परीक्षक ती, पेणची. हळदीपासून नाटकापर्यंत सगळीकडचा साउंड ती सांभाळायची, आणि कोणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. "गिटारी खालच्या सुरात उतरवल्यात. रॅप आहे, किंचाळणं आहे. ठेका असा की पाय जमिनीवर राहत नाहीत. अजून काय हवं तुम्हाला, उलटी टोपी?"

"स्क्रॅच. डीजेची तबकडी घासल्याचा आवाज. तीनमध्ये आहे, यात नाही."

"यात बर्फ फोडायचं मशीन आहे, सर! बंदरावरचं. तबकडीच्या जागी बरोब्बर बसवलंय."

"मशीन म्हणजे तबकडी नव्हे."

"आणि तीनमध्ये कोणाच्या तरी वाडीतला पंप घरघरतोय, तो चालतो?"

निकेतचे कान तापले. "तो मागे आहे. गाण्यात नाही."

"तेच म्हणतेय मी. तीनवाल्यांना पंप लपवता आला नाही. सातवाल्यांनी मशीन मुद्दाम घेतलंय." ती खुर्ची ओढून समोर बसली. "हे संगीत ज्यांनी काढलं त्यांनी तरी दुसरं काय केलं? मेटलमध्ये आपल्या गल्लीतलं रॅप घातलं. जुने मेटलवाले ओरडले, हे मेटलच नाही म्हणून. तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात?"

मुंबईच्या एका कॉलेजात याच कारणासाठी निकेतच्या बँडला स्टेजवरून उतरवलं होतं. त्या परीक्षकाचा चेहरा त्याला अजून आठवत होता.

"व्याख्या ती व्याख्या," तो म्हणाला.

दिपालीने सात नंबर पुन्हा लावलं, या वेळी स्पीकरवर. मशीन खरखरलं. मग घसा फाटेस्तोवर कोणीतरी ओरडलं, "मी काय न्हाय ते सांगतोस, मी काय हाय ते इचार!"

"कोणावर तरी मनापासून चिडलाय पोरगा," ती म्हणाली.

"चिडणं ही काही व्याख्या नव्हे."

"पण खरं आहे ते. तीनमधलं सगळं पाठ केलेलं वाटतं. तुम्हालाही ऐकू येतंय, सर. तुम्ही बोलत नाही आहात."

त्याला ऐकू येत होतं. सात नंबर चांगलं होतं. बाराही गाण्यांत सगळ्यात चांगलं होतं. त्याने स्पर्धेचा नियम तिच्यापुढे सरकवला. संगीताच्या प्रकाराबद्दल एका परीक्षकाची हरकत असली तरी गाणं बाद. त्याने कागदावर 'सात, न्यू-मेटल नाही' असं लिहिलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

"कोणाच्या तरी पोरावर अन्याय केलात," दिपाली म्हणाली. निकेतने पेनाला टोपण लावलं.

शिवदासभाऊ दोन पाकिटं आणि कात्री घेऊन वर आले. "झालं एकमत?"

"झालं म्हणायचं," दिपाली म्हणाली. "तीन."

भाऊंनी तीनचं पाकीट कापलं. निकेतने आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा तयार ठेवला.

"अल्पेश, विनेश, राहुल," भाऊंनी वाचलं. "नागावची पोरं."

"कोण?" निकेतने विचारलं.

"असं काय करता, निकेतराव? गणपतीपासून तुमच्याच पंपाच्या खोलीत वाजवतात ती. शुभमनं चावी दिलेली त्यांना. म्हणाला, मला आता तिथं वाजवायचं न्हाय. तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जातो ना हल्ली."

निकेतने हात पुढे केला, पण दुसरं पाकीट दिपालीने आधीच फाडलं होतं. तिने आतली चिठ्ठी दोनदा वाचली आणि खुर्चीतून उठून उभी राहिली.

"माफ करा, सर," ती हळू म्हणाली. "मी मनात तुम्हाला काय काय बोलले, आणि तुम्ही तर स्वतःच्या शुभमलाच बाद केलंत."