नऊ सुया

डॉक्टर मखिजांनी पांढऱ्या रुमालावर सुया ओळीने मांडल्या. "बोला शालनताई, कितनी?"

शालनने मोजल्या. नऊ. परत मोजल्या, तरी नऊच.

मेंदूतली गाठ काढली तेव्हापासून डाव्या डोळ्याची नस ढिली पडली होती. एकाचे दोन दिसत. उल्हासनगरच्या या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात तिचा तिसरा आठवडा. टोचण्याआधी मखिजा रोज थोड्या सुया मोजायला लावत आणि आकडा कार्डावर लिहीत. जीन्सच्या कारखान्यात मशीनवर खिसे शिवण्यात आणि त्यांचे गठ्ठे मोजण्यात शालनची दहा वर्षं गेलेली. आठ दिसल्या की चार सांगायचं, बारा दिसल्या की सहा. एकदाही चुकली नव्हती. शनिवारपर्यंत 'नजर ठीक' अशी चिठ्ठी नेली तर मशीन तिचं. नाहीतर दिवाळीच्या मालाला मास्तर दुसरी बाई बसवणार होता.

पण नऊचे अर्धे किती?

"रोज तर फटाफट सांगतेस," नवरा शिवराम स्टुलावरून म्हणाला. "आज पाढे विसरलीस का?"

चार म्हणावं की पाच? अंदाजाने आकडा तिने जन्मात दिला नव्हता. खोटासुद्धा हिशेब करूनच दिला होता.

"नऊ," ती म्हणाली.

मखिजांचं पेन थांबलं. "मांडल्यात पाच. काल चार सांगितल्या, त्या किती दिसल्या?"

"आठ."

"आणि आधी?"

"रोज अर्धंच सांगितलं."

शिवरामने कपाळाला हात लावला. "अगं, मी मास्तरला सांगून बसलोय, बायको ठणठणीत म्हणून."

मखिजांनी कार्डावरचा एकेक आकडा खोडला. "मशीन पे बोट गेलं असतं, ताई. वहाँ आधा नहीं होता. चिठ्ठी नाही." मग ते रुमालावर वाकले. "पण पाचाच्या दहा दिसायला पाहिजेत. एक जुळली. कुठली? बोट ठेवा."

शालनने उजव्या टोकाच्या सुईवर बोट ठेवलं. इतके दिवस बोटाला नुसतं कापड लागायचं. आज गार पोलाद लागलं.

"एकट्या सुईचं काम नाही हे," मखिजा म्हणाले. "ऑपरेशनवाल्या डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका. मी नुसता टेकू. नस आपल्या चालीने येणार. येईलच असंही नाही."

शालन कॉटवर आडवी झाली, पदर सारखा केला आणि सुईसाठी कपाळ पुढे केलं.

"पाचाच्या आठ दिसायला कधी येऊ?"