उरलेलं फिलर

थोरलीने हौसेने पार्लरमध्ये गाल भरून घेतले, तेव्हा सिरिंजमध्ये गाल फुगवायचं थोडं फिलर उरलं. टाकायचं कशाला, म्हणून तिने पार्लरवालीला ते धाकटीच्या गालात टोचायला लावलं.

तीन वर्षांनी धाकटीचा गाल सुजला. "ताई, डॉक्टरकडे येतेस?"

"नखरे पुरे तुझे," म्हणत थोरलीने तिला वाटेला लावलं. पू रक्तात भिनला आणि धाकटी गेली.

गुणाची पोर. थोरली कुणाशी खोटं बोलली की धाकटीच्या गालाला नुसती खळी पडायची. बोलायची मात्र नाही.

आता थोरलीचाही गाल सुजला. डॉक्टरांनी गाठ दाबत विचारलं, "घरात आणखी कुणी टोचून घेतलं होतं?"

"छे हो, कुणीच नाही."

समोरच्या आरशात, थोरलीच्या जन्मात कधी खळी न पडलेल्या गालाला, हळूच खळी पडली.