एका गोळीची बंदूक

“छर्ऱ्यांची दुनळी घ्या, बाई,” सीताबर्डीवरचा दुकानदार भैयाजी बंदूक पुढं सरकवत म्हणाला. “नेम इकडंतिकडं झाला तरी छर्रे पसरते. समोरच्याले काही ना काही लागतेच.”

“काही ना काही नाई पायजे मले,” जयवंताबाई म्हणाल्या. “एका गोळीची दाखवा.”

सोबत आलेल्या दिरानं, मारोतरावानं, कपाळावर हात मारला. “वहिनी, रायफलले नेम लागते! तुमाले तांदळातला खडा दिसत नाई.”

“तुमच्या बायकोले तरी कुठं दिसते? रोज दात वाजवत जेवता ना तुमी.”

भैयाजी हसू दाबत कपाटाकडं वळला. जयवंताबाई स्टुलावर टेकल्या. भिवापूरहून नागपूरपर्यंत एस.टी.त उभ्यानं आल्या होत्या. त्याआधी परवान्यासाठी कलेक्टर कचेरीच्या चकरा. आणीबाणी उठली, कचेरीतले साहेब बदलले, पण बाहेरचं बाकडं तेच आणि ‘उद्या या’ही तेच. गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते.

पण मागं हटायची सोय नव्हती. गावाबाहेरच्या पठारावर सगळ्या गावाची मिरची एकत्र वाळत पडायची आणि घराघरानं पाळीपाळीनं जागल करायची, असा रिवाज. औंदा दुपट्ट्यानं तोंड बांधलेला एक चोर पोतीच्या पोती उचलून नेत होता. मागच्या जागलीला त्यानं रुपरावाच्या दंडावर विळा मारला आणि गाव पेटलं. चावडीत ठरलं, आता दिसला की गोळी घालायची. गावात परवाना एकच, जयवंताबाईंच्या मेलेल्या नवऱ्याचा; त्याची बंदूक कधीच विकली गेली होती.

“तो माह्या नावानं होऊ द्या,” मारोतराव चावडीत म्हणाला होता. “एका बारात लोळवतो त्याले. तुमच्या घरी माणूस कुठं आहे? तुमचा पोरगा देवाजी कन्हानच्या खाणीत. दिवाळीलेही फिरकला नाई.”

“माणूस नाई, मी तर आहे ना?” जयवंताबाईंनी पदर खोचला. “हंगामभर जागलीवर मी बसते. पण बंदूक माह्याच हातात राहीन.”

गावानं अट घातली. मिरचीचा पुढचा तोडा वाळायच्या आत नेम जमला तर ठीक, नाहीतर बंदूक मारोतरावाकडं.

त्या दिवशी सून कौशल्या तेवढी रडली. “नका घेऊ वं माय बंदूक. कोणाचा तरी जीव जाईन.”

“तोंड पूस,” जयवंताबाई म्हणाल्या. “मारोतरावाच्या हाती गेली तर बरं वाटन का तुले?”

कौशल्यानं पदरानं तोंड पुसलं.

कामठीच्या पलटणीतून निवृत्त झालेले वामनराव हवालदार शेजारच्याच गावात राहत. बाईमाणसाला बंदूक शिकवायची म्हटल्यावर त्यांनी आधी मिशीवरून हात फिरवला, मग हो म्हटलं. गावाबाहेरच्या पडक्या खदानीत ते दगडांवर डबे मांडत. पहिल्याच बाराला दस्ता खांद्यात असा बसला की जयवंताबाईंना पदराचंही भान राहिलं नाही.

“घोडा ओढू नका, दाबा,” हवालदार म्हणाले. “श्वास अर्धा सोडा अन् थांबा. निंबू पिळता ना, तसं हळूच.”

“निंबू लाथ नाई मारत, हवालदार.”

खांदा काळानिळा पडला. रात्री कौशल्या हळद लावायची आणि सकाळी जयवंताबाई पुन्हा खदानीची वाट धरायच्या. कणीक मळायला हात उठत नव्हता, पण बंदूक उठत होती. थांबणं त्यांना ठाऊक होतं. जन्मभर दुसरं केलं काय होतं? गडी घाई करतात आणि डबा जागीच राहतो. जयवंताबाई घाई करत नव्हत्या. डबे उडायला लागले.

मग त्यांनी हवालदाराला दोन मडक्यांच्या मध्ये डबा ठेवायला लावला. डबा उडाला, मडकी जागची हलली नाहीत. मडकी आणखी जवळ घ्यायला सांगितली, तरी तेच.

“पुरे ना आता, बाई! एवढं बारीक कोणाले मारायचं आहे?”

“मिरचीचोराले. एकदाच मारीन. दुसऱ्यांदा हात उचलायचं बळ नाई राहिलं माह्यात.”

गावासमोर मारोतरावानं स्वतः टांगलेला भोपळा पहिल्याच गोळीत फुटला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

चोर आला तो उजाडता उजाडता. जागलीवर जयवंताबाई होत्या आणि बाजूला मारोतराव, दंडाला पट्टी बांधलेला रुपराव आणि आणखी दोघं. लाल मिरचीच्या ढिगाआडून दुपट्ट्यातलं डोकं वर आलं. पाठीवर पोतं होतं.

“मारा, वहिनी!” मारोतराव कुजबुजला. “नाई तर आना इकडं.”

त्याचा हात बंदुकीकडं आला. जयवंताबाईंनी कोपरानं तो बाजूला सारला, दस्ता दुखऱ्या खांद्याला लावला, श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला.

चोर क्षणभर थिजला. मग पोतं टाकून, विळाही तिथंच सोडून असा पळाला की नाल्यापलीकडं दिसेनासा झाला.

“चुकली!” मारोतराव मांडीवर थाप मारून ओरडला. “एवढ्या जवळून चुकली! हवालदारानं काय माशा माराले शिकवलं का?”

सगळे हसले. उत्तर उधार न ठेवणाऱ्या जयवंताबाईंनी बंदूक खाली घेतली.

“हात हालला,” त्या म्हणाल्या. “थकली मी.”

घरापर्यंत मारोतराव चिडवत आला. परत जन्मात हा चोर इकडं यायचा नाही एवढं तरी झालं, असं रुपराव म्हणाला, तेव्हा कुठं तो वळला.

कौशल्या दाराशी भिंतीला धरून उभी होती. बार तिनं ऐकला होता. जयवंताबाईंनी आत येऊन दार लोटलं, बंदूक कोपऱ्यात टेकवली आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

“रडू नको, कुंकू राहू दे कपाळावर,” त्या म्हणाल्या. “तुह्या नवऱ्याच्या कानापासून बरोबर वीतभर दूर मारली मी गोळी.”